लिट्लकोटची सुईण : एका इंग्रजी वाड्यातली भुते आणि त्यांच्या मुळाशी असलेली साक्ष

केतकीवन :

गेल्या नोव्हेंबरात मी, माझे यजमान आणि सासूबाई असे तिघे जण लिट्लकोट हाउस येथे दोन रात्री राहून आलो. स्विंडनमध्ये येऊन आम्हाला अकरा वर्षे झाली आणि हा वाडा आमच्या घरापासून गाडीने जेमतेम अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे, तरी जाण्याचा योग येत नव्हता. विल्टशायर आणि बर्कशायर यांच्या सीमेवर, हंगरफर्ड या लहान गावाजवळ, केनेट नदीच्या काठी तो उभा आहे. आज तेथे केवळ प्रौढ पाहुण्यांसाठी हॉटेल चालवले जाते. इंग्लंडमधल्या झपाटलेल्या वास्तूंची कोणतीही यादी काढली तरी तिच्यात लिट्लकोटचे नाव असतेच, आणि त्यासाठीच तेथे मुक्काम करणारेही पुष्कळ आहेत.

आम्हाला तेथे काहीही दिसले नाही, हे आधीच सांगते. तांबड्या विटांचा दर्शनी भाग, शंभर फुटांहून लांब असलेला सज्जा (म्हणजे वाड्याच्या आतले लांबट दालन), वेदीच्या जागी उंच व्यासपीठ असलेले क्रॉमवेलच्या काळातले प्रार्थनामंदिर, हे सारे आम्ही दिवसाउजेडी निवांत पाहिले. रात्री लाकडी तक्तपोशी करकरत होती. तरीही घरी परतल्यावर या वाड्याने मला सोडले नाही, आणि त्याचे कारण भूत नव्हे, तर त्या भुताच्या गोष्टीत जी एक सुईण आहे ती होय.

प्रचलित कथा अशी. सुमारे १५७५ सालची वादळी रात्र. ग्रेट शेफर्ड या गावात मदर बार्न्स नावाची सुईण राहत असे. मध्यरात्री घोडेस्वार दाराशी येतात, भरपूर मोबदला कबूल करतात, मात्र तिचे डोळे बांधले जातील अशी अट घालतात. तिला घोड्यावर मागे बसवून एका मोठ्या घरी नेले जाते. जिना चढताना ती पायऱ्या मोजते. वरच्या दालनात पडदे लावलेल्या पलंगावर चेहऱ्यावर मुखवटा घातलेली एक स्त्री वेणांनी तळमळत असते आणि शेकोटीजवळ एक उग्र पुरुष उभा असतो. मूल जन्मते. तो पुरुष ते आगीत टाकण्यास सांगतो. सुईण गुडघे टेकून विनवते की, हे मूल मला द्या, मी माझे म्हणून वाढवीन. तो ऐकत नाही. स्वतःच ते बाळ निखाऱ्यांत टाकतो आणि बुटाच्या टाचेने आत लोटतो. पहाटेपर्यंत बाळंतिणीची शुश्रूषा करताना ती सुईण पलंगाच्या पडद्याचा एक तुकडा गुपचूप कापून घेते. पुढे त्या तुकड्यावरून आणि पायऱ्यांच्या संख्येवरून घर ओळखले जाते : लिट्लकोट. मालक ओळखला जातो : विल्यम डॅरेल, ज्याला लोक 'रानटी डॅरेल' म्हणत. खटला उभा राहतो, पण न्यायाधीश सर जॉन पॉपम त्याला सोडून देतो, आणि त्याचे मोल म्हणून डॅरेलच्या मागे सारी मालमत्ता पॉपमकडे जाते. १५८९ साली डॅरेल घोड्यावरून पडून मरतो. वाड्याच्या रानातल्या ज्या जागी तो पडला तिला आजही डॅरेलचे नाव आहे, आणि लोक म्हणतात की त्याच्या घोड्यासमोर जळते बालक उभे राहिले होते.

त्यानंतरची भुते अनेक आहेत. कडेवर तान्हे मूल घेतलेली स्त्री शयनगृहात आणि त्याच्या बाहेरच्या जिन्याच्या चौकात दिसते. शिकारी कुत्र्यांसह डॅरेल रात्री रान पालथे घालतो. घराण्यात कोणी वारस मरणार असला की त्याची बग्गी दारात येते, अशीही समजूत होती. बाग, सज्जा, प्रार्थनामंदिर यांपैकी कोणतीच जागा या कथांतून सुटलेली नाही.

परत आल्यावर मी मूळ कागद काय सांगतात ते वाचू लागले, आणि मग मात्र माझी झोप खरोखरच उडाली. मदर बार्न्सची जबानी अस्तित्वात आहे. ती मरणशय्येवर असताना ग्रेट शेफर्डच्या ब्रिजिस नावाच्या गृहस्थाने ती लिहून घेतली. मुखवट्यातली स्त्री, बाळंतपण, आग, तिची विनवणी, हे सर्व तिच्यात आहे. पण डोळे बांधल्याचा उल्लेख नाही, पडद्याचा तुकडा नाही, पायऱ्या नाहीत. एवढेच नव्हे, तर लिट्लकोटचे नाव नाही आणि डॅरेलचेही नाव नाही. तिला फसवून एका दुसऱ्याच घरंदाज स्त्रीच्या नावाने बोलावून नेले होते. ते घर कोणाचे हे तिने सांगितलेले नाही.

मग डॅरेलशी धागा जुळतो तो दुसऱ्या एका कागदामुळे. जानेवारी १५७९ मध्ये (त्या वेळच्या इंग्रजी कालगणनेप्रमाणे १५७८) सर हेन्री निव्हेट याने लाँगलीट या वाड्याचा मालक सर जॉन थिन याला पत्र लिहिले. थिनच्या पदरी बॉनम नावाचा माणूस होता आणि त्याची बहीण डॅरेलच्या घरी राहत होती. पत्रात मागणी अशी आहे की, बॉनमने आपल्या बहिणीकडे चौकशी करावी : डॅरेलच्या घरी तिला कसे वागवले गेले, तिला किती मुले झाली आणि त्यांचे काय झाले, कारण त्यांपैकी एकाच्या हत्येची वार्ता फार पसरत चालली आहे. हे पत्र तीनशे वर्षे लाँगलीटच्या दप्तरात पडून होते आणि एकोणिसाव्या शतकात उजेडात आले. तोवर लोक ही कथा दंतकथा म्हणूनच सांगत होते.

म्हणजे या कथेच्या सर्वांत जुन्या थरात भूत नाहीच. तेथे आहे एका मरणाऱ्या गरीब बाईची साक्ष, जिच्यात गुन्हा आहे पण गुन्हेगाराचे नाव नाही. पुढच्या शतकांत लोकांनी या कथेत ज्या ज्या गोष्टी घातल्या त्या नीट पाहा : मोजलेल्या पायऱ्या, कापलेला पडदा, ओळख पटणे, खटला, लाच घेणारा न्यायाधीश. यांतली एकही गोष्ट भीती वाढवण्यासाठी घातलेली नाही. प्रत्येक गोष्ट पुराव्याशी आणि न्यायालयाशी संबंधित आहे. तिच्या हातात पुरावा नव्हता, तो लोकांनी तिच्या हातात ठेवला. ज्या शिक्षेला न्यायालय पोहोचले नाही, ती त्या जळत्या बालकाला घोड्यासमोर उभे करून लोकांनीच देऊन टाकली. भुते आली ती सर्वांत शेवटी.

हे मला इतके जाणवण्याचे कारण घरचे आहे. माझी आजी दापोलीजवळच्या एका गावात सुईणपण करीत असे. तिची एक मळकट कापडी पिशवी होती. तिच्यात पांढऱ्या दोऱ्याचे रीळ, एका फडक्यात गुंडाळलेली कात्री, ओव्याची पुडी आणि तेलाची लहान बाटली एवढेच सामान असे. लिट्लकोटच्या त्या दालनात उभी असताना पडद्याच्या तुकड्याची गोष्ट मार्गदर्शकाने सांगितली, तेव्हा सोबतच्या एका पाहुण्याने विचारले की, तिच्याजवळ कात्री कोठून आली. मला मात्र तो प्रश्नच पडला नाही. नाळ कापायला आलेल्या बाईजवळ कात्री असणारच. ज्याने हा तपशील प्रथम कथेत घातला, त्याला सुईणीचे काम जवळून ठाऊक होते, असे मला खात्रीने वाटते.

आपल्यापैकी कोणी लिट्लकोटला किंवा तशा वाड्यात राहिले असल्यास आपला अनुभव जरूर लिहावा. अनुभव काही दिसल्याचा असो वा नसो, मला दोन्ही ऐकायचे आहेत.

उत्तररात्र :

केतकीताई, मी तीन वर्षांपूर्वी लिट्लकोटला राहिलो होतो. दुपारचे चार वाजले होते, डिसेंबर असल्यामुळे उजेड मावळत आला होता आणि मी लांब सज्जात एकटाच होतो. मधल्या खिडकीपाशी पोहोचलो तेव्हा माझ्या मागून कोणीतरी चालत येत असल्याचे जाणवले. पावले जड नव्हती. कपड्याची सळसळ होती, जशी जमिनीवर लोळणाऱ्या घोळाची होते. वाट द्यावी म्हणून मी बाजूला झालो आणि वळून पाहिले, तर सज्जा दोन्ही टोकांपर्यंत मोकळा होता. मला त्या क्षणी भीती वाटली नाही. कोणीतरी घाईत आहे आणि मी तिच्या वाटेत उभा आहे, अशी एक ओशाळी भावना मात्र झाली. मी 'तिच्या' असे लिहितो आहे हे लिहिताना माझ्या लक्षात आले. तेव्हाही मला ती स्त्रीच वाटली होती. हे मी आजवर घरच्यांखेरीज कोणाला सांगितले नव्हते. त्या मुक्कामापूर्वी मला डॅरेलची कथा माहीत होती, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.

साक्षीपुरावा :

मी नागपूरला सत्र न्यायालयात वकिली करतो, म्हणून दोन मुद्दे मांडतो.

पहिला मुद्दा पॉपमविषयी. तो १५८१ मध्ये राणीचा महाधिवक्ता झाला आणि मुख्य न्यायाधीश झाला १५९२ मध्ये. डॅरेल वारला १५८९ साली. म्हणजे डॅरेलच्या हयातीत पॉपम न्यायासनावर बसून त्याला सोडून देऊच शकत नव्हता. मालमत्ता पॉपमकडे गेली हे खरे आहे. पण डॅरेल जन्मभर कज्जेदलालीत बुडालेला होता, पॉपम त्याचा आप्त आणि वकील होता, आणि आपल्या मागे मालमत्ता त्याच्याकडे जाईल असा करार डॅरेलने हयातीतच करून दिला होता. लोकांनी या व्यवहाराला लाच म्हटले. सतराव्या शतकात जॉन ऑब्री याने ही लाचेची कथा टिपून ठेवली आणि १८१३ मध्ये वॉल्टर स्कॉटने आपल्या एका दीर्घकाव्याच्या टिपांत तिला स्थान दिले, तेव्हापासून ती कायमची रुजली. पुढे वॉल्टर रॅलेचा १६०३ चा आणि गाय फॉक्सचा १६०६ चा खटला याच पॉपमपुढे चालला. इतक्या मोठ्या न्यायाधीशाचे घर लाचेतून आले असे लोकांनी चारशे वर्षे म्हणत राहावे, यातून लोकांचा न्यायालयावर किती विश्वास होता ते कळते.

दुसरा मुद्दा जबानीचा. मृत्युपूर्व जबानी म्हटली की आपल्याकडे लोकांना वाटते की, मरताना सांगितलेली कोणतीही गोष्ट न्यायालय मानते. तसे नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचे ३२ वे कलम आणि आता त्याच्या जागी आलेले २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमाचे २६ वे कलम पाहिले, तर अशी जबानी ग्राह्य धरली जाते ती सांगणाऱ्याच्या स्वतःच्या मृत्यूच्या कारणाविषयी. मदर बार्न्स दुसऱ्याच्या मृत्यूविषयी सांगत होती. आज आपल्या न्यायालयात तिचा कागद या कलमाखाली आला असता, तर मीच बचाव पक्षातर्फे उभा राहून त्यावर हरकत घेतली असती, आणि ती मान्यही झाली असती. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण कायदा असा आहे.

केतकीवन :

साक्षीपुरावा, आपले मनापासून आभार. १५८९ आणि १५९२ ही सने मी दोन वेगवेगळ्या ठिकाणी वाचली होती, पण ती शेजारी ठेवून पाहिली नव्हती. उत्तररात्र, आपण 'वाट द्यावी म्हणून बाजूला झालो' असे लिहिले आहे, ते माझ्या मनात राहील. बाळंतिणीकडे निघालेली बाई तशीच चालते.

शेवंती :

मी रेडिंगजवळ दाई म्हणून नोकरी करते आणि तेरा वर्षे प्रसूतिकक्षात काढली आहेत. या धाग्यात सुईणीविषयी खूप लिहिले गेले, पण त्या मुखवट्यामागच्या बाईविषयी कोणी बोलत नाही, म्हणून लिहिते.

वेणा चालू असताना चेहऱ्यावर मुखवटा म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. प्रसूतीच्या वेळी आम्ही बाईचा चेहरा पाहत असतो. ओठांचा रंग, कपाळावरचा घाम, डोळे कोठे लागले आहेत, यांवरून पुढे काय होणार ते कळते. मदर बार्न्सला ते काहीच दिसत नव्हते. तिने हाताने आणि कानाने बाळंतपण केले. आणि त्या आईला आपले मूल दिसले असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. कडेवर तान्हे घेऊन फिरणारी बाई कोण, याविषयी तेथे दोन्ही सांगतात : कोणी म्हणते ती आई, कोणी म्हणते ती सुईण. दोघींनाही ते मूल हवे होते आणि दोघींनाही ते मिळाले नाही, म्हणून लोकांना त्या दोघी वेगळ्या करता आल्या नसाव्यात.

आपल्याकडे बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते म्हणतात. माझ्या गावी अळवंतीण म्हणत. लहानपणी मी तिला फार भीत असे. आता इतकी वर्षे हे काम केल्यावर मला त्या शब्दाचा राग येतो, कारण जी बाई मूल जन्माला घालताना मेली तिलाच आपण पिंपळावर बसवून पोराबाळांना तिची भीती घातली. इंग्रजी लोकांनी निदान डॅरेलला रानात पळत ठेवले आहे.

आणखी एक नाते येथे आहे. आठव्या हेन्रीची तिसरी राणी जेन सीमूर हिची आजी याच लिट्लकोटच्या डॅरेल घराण्यातली होती. जेनला १२ ऑक्टोबर १५३७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे मुलगा झाला आणि २४ तारखेला ती गेली. आपल्याकडे ज्या बाराव्या दिवशी बारसे करतात, त्या दिवशी. हॅम्प्टन कोर्टच्या जिन्यावर मेणबत्ती घेतलेली तिची आकृती दिसते असे सांगतात. तिच्या मुलाला सारा देश राजपुत्र म्हणून मिरवत होता, आणि चाळीस वर्षांनी तिच्याच आजोळच्या वाड्यात दुसऱ्या एका मुलाला नावसुद्धा मिळाले नाही.

केतकीवन :

शेवंतीताई, आपले म्हणणे मला मान्य आहे आणि ते माझ्या लेखात यायला हवे होते. निव्हेटच्या पत्रातही तिला 'बॉनमची बहीण' एवढेच म्हटले आहे. फक्त एक दुरुस्ती सुचवते : ती जेनच्या वडिलांची आई होती, म्हणजे आपल्या हिशेबाने ते जेनच्या वडिलांचे आजोळ झाले.

तळ्यातमळ्यात :

या धाग्याचा सूर बिघडवण्याची माझी इच्छा नाही, परंतु थोडी दुसरी बाजूही यायला हवी. १९९८ मध्ये कॉव्हेंट्री येथील अभियंता विक टँडी याने एक निबंध प्रसिद्ध केला. तो ज्या प्रयोगशाळेत काम करीत असे, तेथे लोकांना उगाच उदास वाटे, थंडी वाजे, आणि एका रात्री त्याला डोळ्यांच्या कडेला करडी आकृतीही दिसली. दुसऱ्या दिवशी त्याने तलवारबाजीचे पाते दुरुस्तीसाठी शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळले, तर ते आपोआप थरथरू लागले. शोध घेता असे निघाले की, नव्याने बसवलेल्या पंख्यामुळे खोलीत सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा, कानाला ऐकू न येणारा ध्वनी भरून राहिला होता. पंख्याची व्यवस्था बदलताच भूतही गेले. पुढे रिचर्ड वाइजमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हॅम्प्टन कोर्ट आणि एडिंबरातील तळघरे येथे शेकडो लोकांचे अनुभव नोंदवले. विचित्र अनुभव ठरावीक जागीच जास्त येतात असे त्यांना आढळले, आणि त्या जागांचा उजेड, आकार आणि चुंबकीय क्षेत्रातले चढउतार यांच्याशी त्यांचा संबंध दिसला. लिट्लकोटसारख्या जुन्या घरात रात्री तापमान उतरले की ओकच्या तुळया आकसतात आणि तक्ते आवाज करतात. लांब सज्जात वाऱ्याचा झोत शिरला तर घोळाची सळसळही होऊ शकते. उत्तररात्र यांनी जे सांगितले ते त्यांनी खरेच अनुभवले यात मला तीळमात्र शंका नाही. त्याचे कारण मात्र जिवंत जगातले असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

केतकीवन :

आपण सूर मुळीच बिघडवलेला नाही. तक्ते का करकरतात याचे आपण दिलेले कारण मला पूर्ण पटते. पण मला त्यापुढचा एक प्रश्न पडतो, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचा गाभा तोच आहे : तो आवाज लोक नेमका कोणाच्या नावावर मांडतात?

या एका घरात किती माणसे येऊन गेली ते पाहा. यादवी युद्धात येथे पार्लमेंटच्या बाजूचे सैनिक होते. त्यांचे चामडी अंगरखे आणि शस्त्रे पुढे कित्येक पिढ्या वाड्याच्या भिंतींवर टांगलेली होती. डिसेंबर १६८८ मध्ये पुढे इंग्लंडचा राजा झालेला विल्यम ऑफ ऑरेंज लंडनवर चालून जाताना येथे उतरला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ५०६ व्या छत्रीधारी रेजिमेंटचे मुख्यालय याच वाड्यात होते, आणि जून १९४४ मध्ये तिचे जवान नॉर्मंडीवर उतरले. त्यांतले पुष्कळ जण, वीस-बावीस वर्षांची मुले, परत आली नाहीत. भूत व्हायला अकाली मरण एवढेच पुरे असते, तर या सज्जात त्या मुलांची गर्दी व्हायला हवी होती. तक्ता करकरला तर तो सैनिकाचा बूट का नसावा? तरीही जो कोणी येथे राहून जातो, तो बाई आणि तान्हे मूल यांच्याविषयीच बोलतो. सैनिकांची नावे दगडावर कोरली जातात, त्यांच्यासाठी दरवर्षी नोव्हेंबरात लोक दोन मिनिटे उभे राहतात. त्या मुलासाठी कोणी उभे राहिले नाही, म्हणून त्याची आठवण लोकांनी या आवाजांत ठेवली आहे. कंपने वीस असोत वा एकोणीस, त्यांना अर्थ देणारी माणसे ही कथा मनात घेऊन आलेली असतात, आणि उत्तररात्र यांनी ते स्वतःच नमूद केले आहे.

पर्वतीकर :

केतकीताई, आपल्या मांडणीला एक हरकत घेतो. न्याय मिळाला नाही म्हणून भूत राहते, असा आपला एकूण आशय दिसतो. मग शनिवारवाड्याचे काय? ३० ऑगस्ट १७७३ रोजी गणेशोत्सवात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला आणि 'काका, मला वाचवा' ही आरोळी पौर्णिमेच्या रात्री अजून ऐकू येते, असे आम्ही पुण्यात लहानपणापासून ऐकत आलो. परंतु तेथे तर रामशास्त्र्यांनी न्याय केला होता. सत्तेवर बसलेल्या राघोबादादांना त्यांनी दोषी ठरवले आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितले. एवढा धडधडीत निवाडा झालेला असताना ती आरोळी का थांबली नाही?

साक्षीपुरावा :

निवाडा झाला, अंमल झाला नाही. रामशास्त्री निवाडा सांगून पुणे सोडून गेले, आणि दादासाहेब आपल्या मरणाने मेले. दिवाणी दाव्यात हुकूमनामा हातात असून ताबा न मिळालेली माणसे मी रोज पाहतो. ज्याच्या बाजूने निकाल लागला आहे तो अधिक मोठ्याने ओरडतो.

पर्वतीकर :

हे मी अशा रीतीने पाहिले नव्हते. हरकत अर्धी मागे घेतो. अर्धी ठेवतो, कारण नारायणराव पेशवे होते आणि त्यांची आरोळी ऐकायला सारे पुणे होते. लिट्लकोटच्या मुलाला रडण्यापुरतासुद्धा वेळ मिळाला नाही. या दोन गोष्टी एका मापाने मोजाव्यात का, याबद्दल माझ्या मनात शंका आहे.

घाटवाट :

माझा मुलगा सॉमरसेटमध्ये वेलिंग्टनजवळ नोकरीस आहे, त्यामुळे पॉपमच्या कथेची पुढची बाजू मला ठाऊक आहे. पॉपम १६०७ मध्ये वारला आणि त्याची भव्य समाधी वेलिंग्टनच्या चर्चमध्ये आहे. तिच्यावर तो आणि त्याची पत्नी शेजारी शेजारी पहुडलेले कोरले आहेत. परंतु लोककथा म्हणते की, तो शिकारीत घोड्यासह एका खोल घळीत पडला आणि तेथून थेट नरकात गेला. त्याच्या पत्नीने फार प्रार्थना केली, तेव्हा त्याला सवलत मिळाली : दरवर्षी वर्षाच्या अखेरच्या रात्री त्याने घळीतून चर्चच्या दिशेने कोंबड्याच्या एका पावलाएवढे पुढे सरकावे आणि पत्नीच्या थडग्यापाशी पोहोचला की सुटावे. घळीपासून चर्चपर्यंतची वाट काही मैलांची आहे. मुलाने ती मला दाखवली तेव्हा ओढ्याकाठी चिखल होता आणि मी मनात हिशेब करू लागलो. कोंबड्याचे पाऊल एक वीत धरले, तर चारशे वर्षांत तो माणसाची शे-सव्वाशे पावले, म्हणजे एखाद्या वाड्याचे अंगण ओलांडण्याइतकाच, पुढे आला असेल.

म्हणजे साक्षीपुरावा म्हणतात त्याप्रमाणे कागदोपत्री निर्दोष असलेल्या न्यायाधीशालासुद्धा लोकांनी शिक्षा दिली आहे, आणि तीही तारीख पे तारीख अशी.

उत्तररात्र :

केतकीताईंना एक विचारायचे होते. पडद्याचा तुकडा आणि कात्री यांचे आपण सांगितलेले मला पटले. पण पायऱ्या मोजण्याचे मला नेहमीच कृत्रिम वाटत आले आहे. डोळे बांधलेली, घाबरलेली बाई अनोळखी घरात शिरताना पायऱ्या कशाला मोजेल? हा तपशील पुस्तकी वाटतो. आपल्या आजींचे काम आपण जवळून पाहिले आहे, म्हणून विचारतो.

केतकीवन :

आजीला रात्री-अपरात्री न्यायला माणसे येत. पावसाळ्यात कंदील विझे, आणि गावात वीज बऱ्याच उशिरा आली. मी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा तिला विचारले होते की, काळोखात तुला लोकांची घरे कशी कळतात. ती अंगणात तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता गावातली घरे सांगायला सुरुवात केली : कोणाच्या ओटीला तीन पायऱ्या आणि तिसरी मोडकी, कोणाच्या सात, कोणाकडे पायरीच नाही पण उंबरा गुडघ्याएवढा, कोणाच्या माजघरात उतरताना दोन. बाळंतिणीच्या खोलीतून गरम पाण्यासाठी वारंवार बाहेर जावे लागते, हातात भांडे असते, पायाखाली दिसत नाही, म्हणून पाय आपोआप मोजतात, असे ती म्हणाली. त्या यादीत तिने एका घराच्या पायऱ्या सांगितल्या, नऊ, पण घर कोणाचे ते सांगितले नाही. मी दोनदा विचारले. तिने सूप उचलले आणि आत गेली.

आमच्या गावात नऊ पायऱ्यांचे घर एकच होते.